वीट काढलेला खड्डा

आमच्या ह्यांना सगळे मुकादम म्हणायचे. हाताखाली माणूस कोण? तर मी, लग्नाची बायको! संडासाचा खड्डा भरला की लोक धावत बोलवायला यायचे, आणि काम झालं की ओळखही द्यायचे नाहीत.

आमचा नियम साधा. ओला खड्डा वरूनच उपसायचा, लांब दांड्याच्या बादलीने. आत पाय घालायचा नाही. जोडीचे खड्डे असले, तर एक भरला की त्याच्या तोंडाशी वीट बसवून मैला दुसऱ्यात सोडायचा. बंद खड्ड्याची दोन वर्षांत माती होते. त्यात मात्र उतरून फावड्याने काढायची.

त्या दिवशी घरमालकीणबाई म्हणाल्या, "दोन वर्षं झाली बंद करून. शप्पथ!"

झाकण सरकवलं. वर कोरडी, भेगाळलेली माती. पण माश्यांचा थवाच्या थवा बाहेर आला.

"अहो, बंद खड्ड्यात माश्या कशा?"

"तुला सगळीकडे काळंबेरंच दिसतं."

"मग बांबू तरी खुपसून बघा."

त्यांनी भिंतीकडेला खुपसला. टणक लागला. मधे बघितलंच नाही. दोर पाटीला बांधला, कमरेला नाही. मातीच्या खड्ड्यात कमरेला दोर कोण बांधतं?

शिडीवरून उतरले. दोन पाट्या भरून दिल्या, वर म्हणाले, "ओढ गं, भाकरी कमी खाल्लीस का आज?" पुढचं फावडं मारलं आणि पायाखालचा पापुद्राच फुटला. कमरेपर्यंत आत गेले. असा भपकारा आला की माझेच डोळे चुरचुरले.

मागून एक भाडेकरीण ओरडली, "अहो बाई, दुसरा तुंबला म्हणून ती वीट मागेच काढली होती ना तुम्ही?"

मालकीणबाई खाली बघायला लागल्या. फाडून खावंसं वाटलं मला तिला, पण वेळ कुठे होता!

पाटी खाली फेकली. "दोर धरा! अहो, धरा ना!" हात वर आला आणि दोराला न लागताच खाली पडला. मी शिडीवर पाय ठेवला. त्यांनी वर पाहिलं. नजर फिरत चालली होती.

"उतरू नकोस," एवढंच म्हणाले.

अख्ख्या संसारात मी त्यांचं एक ऐकलं नव्हतं. तेव्हा ऐकलं. उतरली असतीस तर तूही गेली असतीस, असं लोक समजावतात. समजावू देत. मी काठावर उभी होते आणि ते माझ्या डोळ्यांदेखत गेले.