सुईतून घेतलेलं सोनं

पाण्यात थेंब थेंब टाकून प्यायचं सोनं तुमच्याकडे बाटलीत मिळतं, ते तब्येतीसाठी घ्यावं का, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. तर आधी तुमच्या पणजीच्या हातांची हकीकत ऐका. ती आठवली की या वयातही मला एका जागी बसवत नाही!

महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मलकापुरात मी नवी सून. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, सांधेवात होता. बोटांची मुळं इतकी सुजली होती की जुन्या बांगड्या फुटल्यावर नवी बांगडी हातावरून चढेना. सवाष्ण बाई पदराआड मनगटं लपवायची. त्यातच नणंदेचं लग्न ठरलं.

"लेकीच्या लग्नात मी बिनचुड्याची? मंग मले कोठीतच बसू द्या," त्यांनी जाहीर केलं.

डॉक्टरांनी सोन्याच्या क्षाराचं इंजेक्शन सुचवलं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकले होते, पण सोनं टोचतात हे प्रथमच ऐकत होते. औषध मुंबईहून रेल्वेने यायचं. "गुण यायला काही महिने लागतील," डॉक्टर म्हणाले, "आणि हे सोनं मूत्रपिंडाला बाधू शकतं. दर सुईआधी लघवी तपासायची. खाज सुटली, तोंड आलं, तर लगेच सांगायचं."

तपासणी त्यांनी मलाच शिकवली. काचेच्या नळीत लघवी घ्यायची, स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची, पांढरा ढग उठला तर आम्लाचे थेंब टाकायचे. तरीही तो राहिला, तर मूत्रपिंडाला बाधा समजायची आणि सुई बंद. मागच्या पडवीत मी हे करू लागले की आत्याबाई म्हणत, "शिकलेली सून आनली, ते माह्यं मूत उकळाले!"

शेजारीण चिडवायची, "पाटल्या चढत नाईत, म्हनून आतून सोनं टाकून राह्यल्या काय वो?"

"हाव! आता चोर आला तं त्याले मलेच उचलून न्या लागन."

बरेच दिवस काहीच फरक नव्हता. मग एका सकाळी मागच्या पडवीतून हाक आली, "अवं पोरी, धाव!" मी पोळी तव्यावर तशीच टाकून धावले. आत्याबाई मूठ वळून उभ्या होत्या. पूर्ण मूठ! त्या ती उघडत होत्या, मिटत होत्या, पुन्हा उघडत होत्या. पोळीचा कोळसा झाला, तो मागाहून वासावरून कळला.

आणि लग्न तोंडावर आलं असताना नळीत ढग उठला. आम्ल टाकलं, तरी तो जाईना.

"येवढासाच तं हाय. लगन होऊ दे, मंग सांग डाक्टरले."

"नाही, आत्याबाई. आजच सांगणार."

"मंग राह्यली तुही सुई. हे हाये माह्याजवळ." त्यांनी कनवटीची पुडी काढली. आठवडी बाजारातल्या फिरत्या विक्रेत्याने सुवर्णभस्म म्हणून विकलेली तांबूस पूड होती ती, आणि त्या ती मधातून चाटत होत्या! "सुईतलं सोनं गुन देते, तं चाटलेलं काऊन नाही देनार?"

पुडी घेऊन मी थेट दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "ढग सुईनेही येतो, पाऱ्यानेही येतो. पण या पुडीत सोनं किती आणि पारा किती, मला इथे बसून कसं कळणार? दोन्ही बंद."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. सोन्याचा क्षार हे औषध होतं, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायचं, आणि तरीही तो बाधू शकायचा. ताकद यावी म्हणून सोनं प्यायल्याने फायदा होतो, असं मला कुठे सापडलेलं नाही. बाटलीत नक्की काय आहे, तेही तुम्हाला माहीत नाही. घेऊ नका.

पुढे नळीतला ढग हळूहळू विरळ झाला. पण सूज परतली तर? मी रोज सकाळी आधी त्यांचे हात बघायची.

चुड्याच्या दिवशी कासारणीने साबणाचं पाणी मागवलं. मोठ्यात मोठं माप काढलं. बांगडी बोटांच्या मुळाशी येऊन अडली. अंगणातल्या बाया जवळ सरकल्या.

"हात ढिला सोडा, माय," कासारीण म्हणाली, आणि तिने अंगठा दाबला.

बांगडी मनगटावर! अख्खं अंगण ओरडलं. आत्याबाईंनी लगेच दुसरा हात पुढे केला, "हा बी भर वो लवकर, याचा काई भरोसा नाही!" मग माझ्याकडे वळल्या, "अवं, रडून काऊन राह्यली? तुहा हात कर पुढं."