गार्डसाहेबांच्या हातची टोपी

माझ्या डोक्यावर ही जी पांढरी जाळीची टोपी आहे, जी सारखी कानांवर घसरते, ती एका मालगाडीच्या गार्डनं विणलेली आहे. असं सांगितलं की लोक आधी टोपीकडं बघतात, मग माझ्याकडं, आणि मग हसतात. हसू द्या. तीस वर्षं मालगाडीचं इंजिन चालवलंय, लोकांच्या हसण्यानं माझी गाडी कधी थांबली नाही.

गार्डाचं नाव धम्मानंद नरवाडे, राहणार जयभीमनगर, नांदेड. मी शेख सरदार, देगलूर नाक्याचा. आमची जोडी अशी की मी गाडीच्या एका टोकाला आणि तो दुसऱ्या. वॉकीटॉकीवर दिवसभर बोलायचो, पण तोंड दिसायचं ते ड्यूटी उतरल्यावर रनिंग रूममध्ये. परगावी गाडी पोचवली की आम्हा लोकांना जेवायला-झोपायला रेल्वेची जी जागा असते, ती रनिंग रूम. परळी घ्या, अकोला घ्या, सगळीकडं त्याच लोखंडी खाटा आणि तीच पातळ डाळ. आम्ही बाकीचे पत्ते कुटायचो. धम्मानंद मात्र खिडकीजवळच्या खाटेवर मांडी घालून क्रोशाची सुई चालवायचा.

हे खूळ जर्द्यामुळं लागलं. तरुणपणी त्याच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला आणि डॉक्टरनं जर्दा सोडायला सांगितलं. तोंड कबूल झालं, बोटं होईनात. ती घडीघडी खिशातली डबी चाचपायची. त्याच्या बायकोनं, पंचशीलावहिनींनी, लग्नाआधी रुखवतासाठी एक तोरण विणायला घेतलं होतं आणि कंटाळून ट्रंकेत टाकून दिलं होतं. सुई त्यातच अडकलेली. धम्मानंदनं ती काढून डबीच्या जागी खिशात टाकली. तोरण परळीच्या रनिंग रूममध्ये पुरं झालं. जर्दा सुटला, सुई काही सुटली नाही.

आम्ही त्याला लई छळलं. मावशी म्हणायचो, सून बघायला आलोय म्हणायचो. तो मान वर न करता टाके मोजत राहायचा, त्यामुळं छळण्यातली मजाच गेली. मग हळूहळू आमच्याच फर्माइशी सुरू झाल्या. त्याच्या घरातली प्रत्येक वस्तू कुठं पुरी झाली ते मला सांगता येतं. टीव्हीवरचा रुमाल परळीचा. माठावरचं मणी लावलेलं झाकण आदिलाबादचं, तिथं आमची गाडी तासन् तास अडकायची. लेकीचा, विशाखाचा, लाल लोकरीचा स्वेटर अकोल्याचा, तोही भर मे महिन्यातला. पंखा गरम हवा फेकत होता आणि हा लोकर मांडीवर घेऊन बसला होता. बघूनच आम्हाला घाम फुटायचा.

मला दर रमजान ईदेला एक टोपी मिळायची. माझ्या डोक्याचं माप त्यानं एकदाच घेतलं, दोऱ्यानं, आणि जिथं दोरा जुळला तिथं गाठ मारून ठेवली. तो दोरा त्याच्या जर्द्याच्या जुन्या डबीत असायचा.

पण हे सगळं रनिंग रूमपुरतं. जयभीमनगरात कुणाला पत्ता नव्हता. तिथं तो गार्डसाहेब. वस्तीतून रेल्वेत लागलेला पहिला माणूस, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पुढं चालणारा. त्याला वाटायचं, आपल्या हातात सुई दिसली तर ही माणसं आपल्याला उठून जागा द्यायची बंद होतील. म्हणून घरातलं सगळं विणकाम वहिनींच्या नावावर खपायचं. महिला मंडळानं वहिनींना शिकवायला बोलावलं तर त्या डोळ्यांचं निमित्त सांगायच्या. त्या साखळीचा पहिला टाकाही कधीच विसरल्या होत्या, आणि सगळ्या वस्तीत त्यांच्या हाताची तारीफ चालायची. वैतागल्या होत्या बिचाऱ्या.

आम्ही दोघं एकाच वर्षी रिटायर झालो. त्यानंतरच्या पहिल्या ईदेला नेहमीसारखी टोपी आली, आणि ती डोक्यात बसेना. मी ओढली, ताणली. माझी बायको रईसा हिनं ती भिजवून पातेल्यावर पालथी घालून वाळवली, तरी ती डोक्यावर बशी ठेवल्यासारखीच दिसायची. नमाजाला जुनी टोपी घालून गेलो आणि दुसऱ्या दिवशी शिरखुर्म्याचा डबा घेऊन भांडायलाच जयभीमनगरात पोचलो. रिटायर झाल्यावर माझं डोकं वाढलं का, असं त्याला विचारायचं होतं.

धम्मानंद हसला नाही. त्यानं डबीतला दोरा काढून माझ्या डोक्याभोवती धरला. दोरा गाठीशी बरोबर जुळला. मग तोच दोरा टोपीच्या घेराला लावला तर टोपी चांगली बोटभर कमी. तो उठला. मला आतल्या खोलीत नेलं, कडी लावली आणि ट्रंकेतून एक पलंगपोस काढून खाटेवर पसरला.

विशाखा लातूरला बँकेत नोकरीला आहे. निलंग्याच्या एका मास्तर मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं, दोन महिन्यांवर आलं होतं. तिच्या रुखवतासाठी हा पलंगपोस त्यानं नोकरीच्या शेवटच्या वर्षांत सुरू केला होता. एकेक चौकोन, प्रत्येकात एक फूल, आणि चौकोनाला चौकोन जोडलेला. मधला भाग रनिंग रूममधला, तो सपाट होता. कडेचे चौकोन घरी विणलेले. ते लहान पडले होते, कड आत ओढली जात होती आणि मधला भाग पुरीसारखा फुगून वर आला होता.

"सुई तीच, दोरा तोच, टाके बी तेवढेच," धम्मानंद म्हणाला. "पण बाहेर कुनाची चप्पल वाजली की हात आवळतो. दार लावून विणून राहिलो, सरदारभाई. चोरासारखं."

चारदा उसवून झालं होतं. आता तो बाजारातून एक तयार चादर आणणार होता, हे सगळं पुन्हा ट्रंकेत जाणार होतं. हे त्यानं अगदी सहज सांगितलं. ज्या माणसानं आमची सगळी थट्टा टाके मोजत पचवली, तो आपल्याच घरात कडी लावून बसत होता. लेकीला आपल्या हातचं काही द्यायची इच्छा होती, तीही जाणार होती.

मी विचार फार करत नाही, केला की डोकं दुखतं. माझी धाकटी बहीण किनवट तालुक्यात इस्लापूरला दिलेली आहे. परवा तिच्याकडं चाललोय, तूही चल, एवढंच मी त्याला सांगितलं. जाताना वहिनींच्या कानात एक गोष्ट घातली. त्याप्रमाणं त्यांनी स्टेशनवर दोऱ्याची पिशवी भाकरीच्या पिशवीखाली घालून गुपचूप माझ्या हातात दिली.

आदिलाबादकडची सकाळची गाडी, जनरलचा डबा. त्याला खिडकी दिली आणि नांदेड सुटल्यावर पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं आधी पिशवीकडं बघितलं, मग डब्याकडं. बाजाराला निघालेल्या बाया, भाजीच्या टोपल्या, कॉलेजची पोरं. तो पुटपुटला, इथं कसं काय. मी म्हटलं, इथं तुला कोण ओळखतंय, रनिंग रूम समज. मुदखेडपर्यंत पिशवी तशीच होती. मुदखेड गेल्यावर सुई बाहेर आली.

समोरच्या बाईनं बघितलं, शेजारणीला कोपर मारलं, दोघी थोड्या हसल्या. धम्मानंदचे कान लाल झाले, पण सुई थांबली नाही. भोकर येईस्तोवर त्या बाया भाजीच्या भावावर बोलायला लागल्या होत्या. हिमायतनगरच्या पुढं तर तो गुणगुणत होता. इस्लापूरसाठी आम्हाला सहस्रकुंडला उतरायचं होतं, त्याच्या थोडं आधी चौकोन पुरा झाला. त्यानं पिशवीतला एक जुना, अकोल्याचा चौकोन काढला आणि नवा त्याच्यावर ठेवला. कडेला कड, कोपऱ्याला कोपरा. ते दोन्ही तो खिडकीच्या उजेडात धरून बसला आणि मी दुसरीकडं तोंड केलं, कारण माझे डोळे भरून आले होते. त्याची लाज वाटायचं कारण नाही.

मग आमच्या इस्लापूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. माझ्या मेहुण्याला वाटलं आम्ही जमीन बघायला येतोय. त्यानं दोन शेतं दाखवलीसुद्धा. घरी विणलेले सगळे चौकोन धम्मानंदनं उसवले आणि त्याच दोऱ्याचे पुन्हा गाडीत विणले. पलंगपोस लग्नाच्या आधी पुरा झाला. खाटेवर टाकला तर कुठं सुरकुती नाही.

आता नाव कुणाचं, हा प्रश्न उरला. विशाखाला लहानपणापासून सगळं ठाऊक होतं. तिनं हट्ट धरला की रुखवतात पपांचं नाव सांगायचं. धम्मानंदनं तिच्याकडून वचन घेतलं की काही बोलायचं नाही, तिच्या सासरच्या लोकांपुढं आणि आपल्या वस्तीपुढं हसं व्हायला नको. ती गप्प बसली, पण माझ्याशी फोनवर रडली. मलाही राग आला होता. एवढं करून शेवटी वहिनींचीच तारीफ होणार.

लग्न लातूरच्या एका कार्यालयात होतं. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, आणि निलंग्याच्या बाया रुखवत बघायला आल्या. त्यांच्यात नवऱ्या मुलाच्या शेजारच्या शरणम्मा म्हणून एक आजी होत्या. बाकीच्या नुसतं छान छान म्हणत पुढं सरकल्या. ह्यांनी पलंगपोसाचं टोक उचललं, उलटं केलं आणि मागची बाजू डोळ्यांजवळ धरली. हे लई दिवसांचं काम हाय आणि एकाच हाताचं हाय, कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. तीस वर्षांच्या सवयीनं वहिनींनी मान हलवली.

शरणम्मांनी कमरेच्या पिशवीतून सुई-दोरा काढला आणि वहिनींच्या हातात दिला. "कोपरा कसा वळविला, तेवढं दाव बाई. मला ते कधी जमंना."

वहिनी सुई धरून उभ्या राहिल्या. भोवती जयभीमनगरातले अर्धे लोक होते. पांढऱ्या साडीतली विशाखा बापाकडं बघत होती, वचन पाळत होती. मी काहीतरी थाप मारून वेळ निभावून नेण्याच्या बेतात होतो.

धम्मानंद नव्या कोटात पुढं आला. वहिनींच्या हातातली सुई त्यानं घेतली.

"तिला न्हाई येत," तो म्हणाला. "हे माझ्या हातचं हाय. घरातलं सगळंच."

मागून कुणीतरी हसलं. तो रुखवतात मांडलेल्या खाटेच्या काठावर बसून साखळी घालू लागला. शरणम्मांनी त्याच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही, त्यांचं सगळं लक्ष सुईकडं होतं.

"हळू दाव की," त्या म्हणाल्या. "मला दिसंना."

त्यानं हळू दाखवलं. पहिला खांबाचा टाका, दुसरा, मग कोपऱ्यावरची जागा. दोन-चार बाया वाकल्या, मग पुरुषही वाकले. विशाखा येऊन बापाशेजारी टेकली. वहिनींनी सगळ्यांना ऐकू जाईल असं, सुटले बाई मी, म्हटलं आणि तेव्हा मात्र सगळं कार्यालय हसलं, धम्मानंदसुद्धा. मी फक्त त्याचा हात बघत होतो. हात आवळलेला नव्हता.

आता तो जयभीमनगरात घरापुढच्या ओट्यावर बसून विणतो. लोक अजून उठून जागा देतात, पण आधी काय चाललंय ते बघतात. यंदाच्या ईदेला माझी टोपी आली. डोक्यावर ठेवली तर सरळ कानांवर उतरली. मी ओट्यावर गेलो, त्यानं डबीतून दोरा काढला, मापलं, आणि टोपी बोटभर मोठी निघाली. तो ओशाळला, दे म्हणाला, उसवून नीट करून देतो.

मी काही ती उसवू दिली नाही. नमाजाला वाकलो की ती कपाळावर येते आणि मी हातानं वर सारतो.