विमानाचे दोन तास, जीपचे अडीच

लिहून काढा म्हणे. शालिग्रामनं वही आणून आदळली माह्यासमोर. हा माह्याच स्टँडवरचा जीपवाला, त्याले कोणाचं तरी डोकं खायले लागते, आज माहं. चौथी शिकलेल्या माणसानं काय लिहावं? पण जानेफळच्या स्टँडवर तीस वर्षं जीप लावली की असे किस्से अंगावर साचत जातात. झटकले तरी निघत नाही.

पहिला त्याचाच. संभाजीनगरच्या विमानतळावर माणूस सोडाले जाताना मीटरवर एकशे साठ किलोमीटर, मोकळी गाडी येताना एकशे छप्पन्न. रस्ता तोच. मी म्हटलं, मीटर बदल. तं म्हणे, "जाणाऱ्याच्या संगं थोडा रस्ता बी जात असन." पुढच्या ट्रिपले माह्या गाडीचे चार कमी भरले. मी मीटर पाहणंच सोडलं.

दुसरा उंद्रीच्या गुरुजीचा. त्याइले विमानतळावर उतरवलं अन् चहा प्यालो, तेवढ्यात फोन. पोचलो म्हणे दिल्लीले, इथं पाऊस आहे. विमान तं उडालंच नव्हतं. गुरुजी आजही सांगतात, फोन दुपारी केला. माह्या मोबाइलात सकाळचे पावणेअकरा.

आता आमच्या गावातल्या भगवानची माय गेली, त्याचं.

आमच्याकडं मयत झाली की पहिले मले विचारतात, बाहेरगावचा पोरगा कधी पोचन. मी सांगतो तेव्हा उचलतात. भगवानचा मोठा भाऊ विलास दिल्लीत. तो आठ वाजता विमानात बसला. विमानाचे दोन तास, बाहेर निघायले थोडा वेळ, जीपचे अडीच. मी सांगितलं, एक वाजता उचला. अन् त्याले आणाले गेलो.

सव्वानऊले भगवानचा फोन आला. विलास पोचला म्हणे, तुम्ही या परत. मी म्हटलं, विमान अजून आभाळात आहे. त्यानं फोन ठेवला. मले वाटलं, रडून डोकं फिरलं असन.

दहा वाजून गेल्यावर विलास बाहेर आला. पहिलंच इचारलं, "काका, मायचं तोंड पाहाले भेटन ना?"

हो म्हटलं. फोनचं काही सांगितलं नाही. भगवान फोन उचलत नव्हता.

पावणेएकले गावात शिरलो. स्मशानात चिता निम्मी जळून गेली होती. विलास जीपमधून उतरला तसा न्हावी मागं सरकला. विलासच्या डोक्यावर सगळे केस, अन् न्हाव्याच्या पायाजवळ कापलेले केस पडलेले. अग्नी देणाऱ्या विलासचं मुंडण न्हाव्यानं स्वतः केलं होतं. गावानं पाह्यलं होतं. मुंडण करून तो विलास नदीवर आंघोळीले गेला, म्हणे. दोघं जण पाहाले गेले. नुसतं धोतर वाळूवर होतं.

हा विलास चितेकडं निघाला तं लोकांनी वाट देली नाही. भगवाननं त्याच्याकडं पाह्यलंच नाही. माह्याकडं आला. माह्या पोराच्या वयाचा तो. साऱ्या गावासमोर म्हणे, "कोणाले घेऊन आला बे तू?"

विलासले त्याच पावली परत नेलं. रस्ताभर तो आपल्या डोक्यावरून हात फिरवून राह्यला होता.

ह्या गोष्टीले तीन वर्षं झाली. माफी मागाले अजून आला नाही भगवान.