ब्रेक तर दाबला होता

बसडेपोत त्याला सगळे उस्ताद म्हणत. सव्वीस वर्षं बस चालवली, पण गाडीला साधा ओरखडा नाही, हे तो कुणी न विचारताही सांगे. आदल्या रात्री मेव्हण्याच्या निवृत्तीनिमित्त चार पेग झाले होते. पण मग झोप काढली, थंड पाण्यानं आंघोळ केली, वर दोन कप काळी कॉफी ढोसली. कॉफीनं दारू उतरते, ही उस्तादच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ!

सकाळी सहाला ड्यूटी लावणाऱ्या बाईंनी त्याच्या तोंडापुढे श्वासातली दारू तपासायचं यंत्र धरलं, तर लाल दिवा लागला. या बाईंना स्टिअरिंग धरायला उस्तादनंच शिकवलं होतं.

“यंत्र बिघडलंय,” तो म्हणाला.

दुसरं आणलं. तेही लाल.

“अगं, सरळ चालतोय, सरळ बोलतोय. मग दारू राहिली कुठे?”

“उस्ताद, वर कळवावं लागेल मला.”

म्हणजे लायसन्स गेलंच. त्याहून वाईट म्हणजे आपण शुद्धीत आहोत की नाही हे आपल्यालाच कळू नये? उस्ताद पार गोंधळला. “मग ड्रम लाव,” तो हट्टानं म्हणाला.

नव्या ड्रायव्हरची परीक्षा तिथे अशीच होई. मागे रिकामा ड्रम ठेवायचा, बस मागे घ्यायची आणि ‘थांबा’ ऐकलं की जागच्या जागी थांबवायची. बाई नको नको म्हणत होत्या, पण गुरूपुढे त्यांचं काही चालेना. शेवटी त्यांनी सगळ्यांना आवाराबाहेर काढलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

उस्तादनं बस मागे घेतली, ‘थांबा’ ऐकताच ब्रेक दाबला आणि हसत खाली उतरला. ड्रम चाकाखाली चेपला होता.

“हा कधी पडला? मी तर लगेच ब्रेक दाबला.”

“दाबलात, पण ड्रम गेल्यावर. तीनदा ओरडले मी.”

त्याला एकदाच ऐकू आलं होतं. यंत्र खोटं बोलेल, बाई खोटं बोलतील, पण आपलाच पाय? तो पायरीवर बसला आणि एकदम त्याला आठवलं. पहाटे बायकोला स्कूटरवर मागे बसवून तिच्या कामावर सोडलं होतं. त्यानं घाईघाईनं तिला फोन लावला.

“अगं, पहाटे तुला सोडताना सिग्नलला मी थांबलो होतो ना?”

“कुठल्या? दोन लागले की वाटेत.”

उस्तादला एकच आठवत होता.