'आम्ही' म्हणजे किती जण?

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन सकाळी सातला आला. याकोबकाका पहाटे गेले, असं त्यांनी सांगितलं आणि त्याच दमात म्हणाले, "दाविद, स्मरणसभेचं पत्रक तूच लिही. 'मरणाला हसत सामोरे गेले' असं काहीतरी येऊ दे." मी बरं म्हणालो. पत्रकं लिहिणं हेच माझं काम, आदिलाबादच्या कापूस जिनिंगमधल्या कामगारांसाठी मी तेच करत आलोय. फोन ठेवला आणि डोकं तडकलं. हसत? काका घाबरलेले होते. आमच्या संगतीतल्या प्रत्येक पुरुषाला ते माहीत होतं. आज काका जाऊन सहा आठवडे झाले, तरी तो 'हसत' शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही.

दर शनिवारी संध्याकाळी आमच्या चर्चच्या बाजूच्या खोलीत पुरुषांची संगती भरते. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचं रिंगण, आणि एकेकानं आळीपाळीनं मोठ्यानं प्रार्थना करायची. आठवडाभर 'काऊन बे' करणारी माणसं तिथं डोळे मिटले की एकदम पुस्तकी होतात. "हे कृपाळू पित्या, आम्ही तुझी दुर्बळ लेकरे..." या 'आम्ही'सारखी लपायला दुसरी जागा नाही. बायकोशी धरलेला अबोला, पोरावरचा राग, पोटातली भीती, सगळं त्याच्याखाली झाकता येतं आणि वर आमेन म्हणून घरी जाता येतं. वर्षानुवर्षं एकमेकांशेजारी बसलेल्या या पुरुषांना एकमेकांचं काहीच ठाऊक नव्हतं. याला संगती म्हणायचं का, हा माझा प्रश्न आहे, आणि तो मी छापून विचारतोय.

याकोबकाका जिनिंगमध्ये फिटर होते. यंत्राचा आवाज ऐकून कुठं बिघडलंय ते सांगायचे, माणसाचंही तसंच. एकदा ऑटो चालवणारा पौलस प्रार्थना करत होता, "प्रभू, आम्हाला मद्याच्या मोहापासून सोडव..." काकांनी एक डोळा उघडला. "आमी म्हंजे किती जन, पौलस? मी तं पीत नाही." रिंगण खो खो हसलं. पौलस हसला नाही. डोळे न उघडताच म्हणाला, "मी पितो, देवा. माही पोरगी जवळ येत नाही माह्या." काकांनी खुर्ची सरकवून त्याच्या पाठीवर हात ठेवला. उपदेश नाही, वचन नाही. नुसता हात.

माझी तर ते रेवडीच उडवत. "दाविद्या, प्रार्थना करून राह्यला का निवेदन देऊन राह्यला? खाली सह्या घ्याच्या राह्यल्या तुह्या." मी भडकायचो. एकदा तलमडुगूच्या बसची वाट पाहताना मी त्यांना सुनावलं, की एकट्यादुकट्याच्या रडण्यानं काही बदलत नाही, 'आम्ही' म्हटल्याशिवाय मालक दारातही उभं करत नाही. ते शांतपणे म्हणाले, "मालकापुढं आमीच मन. बरोबर हाय तुहं. पन देवापुढं काऊन लपतं?" बस आली म्हणून सुटलो.

मग त्यांचा खोकला वाढला. उभं आयुष्य कापसाची धूळ ओढलेली फुप्फुसं... डॉक्टरांनी आता फार काही करता येणार नाही असं सांगितलं. मी पेटून उठलो, धुळीविरुद्ध पत्रक काढलं, वाटलं. काकांच्या फुप्फुसांवर मी दोन पानं लिहिली आणि काकांशी पाच मिनिटं बोललो नाही.

त्या शनिवारी ते माझ्याच उजवीकडे बसले होते. त्यांची पाळी आली. "देवा," ते म्हणाले, "मी भेऊन राह्यलो. मले मराचं नाही..." आणि थांबले. श्वास जुळवत होते. खोलीत इतकं शांत झालं की मला ते सहन होईना. मी मोठ्यानं सुरुवात केली, "हे सामर्थ्यशाली प्रभू, आम्ही विश्वास ठेवतो की आमच्या भावाला तू बळ देशील..." सगळ्यांनी सुटल्यासारखं आमेन म्हटलं. पाळकसाहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. बाहेर पडताना चपला घालता घालता काका मला एवढंच म्हणाले, "दाविद्या, माहं झालं नवतं अजून."

पुढचे दोन शनिवार ते आले. पाळी आली की हातानंच पुढच्या माणसाला खूण करायचे. तिसऱ्या शनिवारी दवाखान्यात होते.

राग आला तरी पत्रकात मी सांगितल्याप्रमाणे 'हसत' लिहिलं, आणि मसुदा आधी काकांच्या बायकोला, रूथकाकूंना दाखवायला नेला. 'हसत' वाचून त्या म्हणाल्या, "कवा हसले ते? मले रोज सांगत होते, भेव लागते म्हनून. पन मले सांगून त्याईचं भागत नवतं. तुमा मानसाइले सांगाचं होतं त्याईले." मी तिथंच ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'ते भ्याले होते. त्यांनी ते आम्हाला सांगितलं आणि आम्ही ऐकलं नाही.' काकूंनी कागद परत हातात घेतला. "त्या दिवशी मधात सगळेच बोलले का?"

"नाही काकू. मीच बोललो."

"मंग तसं लिही ना."

तसं लिहिलं. पाळकसाहेबांनी ते छापलं नाही. तरुण वाचतात, त्यांच्या विश्वासाला धक्का बसेल, म्हणाले. आमची कडाक्याची भांडणं झाली. मी संगतीत येणार नाही असंही सांगून टाकलं. पत्रक अखेर दुसऱ्याच कुणी लिहिलं, त्यात काका हसतच गेले. म्हणून हे इथं लिहितोय. याकोबकाका भ्याले होते, तरी त्यांचा देव सुटला नव्हता. भीती घेऊन ते त्याच्याकडेच गेले होते. मधे तोंड मी घातलं.

रागानं दोन शनिवार गेलो नाही. तिसऱ्या शनिवारी पौलस ऑटो घेऊन दारात आला, "चाल बे, बस." गेलो. पाळी फिरत फिरत पाळकसाहेबांकडे आली. ते नेहमीसारखे खाकरले, "हे कृपाळू पित्या..." म्हणाले आणि अडखळले. मग हळू आवाजात, "देवा, मी..."

पुढं शब्द येईना. माझ्या जिभेवर आमेन आलं होतं. ते मी तसंच धरून ठेवलं. पंखा फिरत होता. आम्ही वाट पाहत बसलो.