बाईंनी न सुधारलेलं क्रियापद

प्रा. मृणालिनी सावर्डेकर यांच्याशी माझी ओळख झाली ती त्यांचे आभार मानताना, आणि ते आभारही मी चुकीचे मानले. लंडनच्या हॅरो भागातल्या त्यांच्या संध्याकाळच्या पोर्तुगीज वर्गाचा तो पहिला दिवस होता. रीडिंगच्या आमच्या आयटी ऑफिसला लिस्बनचं काम मिळालं होतं, मॅनेजरने भाषा शिकायला पाठवलं आणि मी आलो, साहित्याशी माझा काडीचा संबंध नव्हता. बाईंनी हातात पुस्तक ठेवलं आणि मी ऐटीत म्हणालो, "ओब्रिगादा." शेजारचे गृहस्थ फिसकन हसले. पोर्तुगीजमध्ये आभार मानताना पुरुषाने 'ओब्रिगादो' म्हणायचं असतं आणि बाईने 'ओब्रिगादा'. मी फोनवरच्या ॲपमधल्या बाईचा आवाज ऐकून शिकून आलो होतो.

बाई मात्र हसल्या नाहीत. माझं आडनाव त्यांनी आधीच हेरलं होतं. सरळ मराठीत म्हणाल्या, "निखिल, मराठीसुद्धा बाईमाणसाकडूनच शिकलास का रे?"

मी इंग्लिशचा आसरा घेतला. "फ्रॉम माय मम," एवढंच कसंबसं म्हणालो.

हा प्रश्न मला का झोंबला ते सांगायला हवं. माझा जन्म हॅरोचा. वडील मला आठवतही नाहीत; घरी आई आणि मावशी, दोघीच. त्या म्हणायच्या "मी येते, मी जाते", म्हणून मीही म्हणायचो "मी येते, मी जाते". शाळकरी वयात एकदा गणपतीच्या कार्यक्रमात माइक हातात घेऊन "मी कविता म्हणते" असं म्हणालो आणि अख्खा हॉल खो खो हसला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण त्या दिवसापासून मी मराठीत तोंड उघडणं बंद केलं. पुढे कित्येक वर्षं आई मराठीत विचारायची आणि मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचो. मावशी गेल्यावर तर त्या घरात मराठी बोलणारी आई एकटीच उरली. ती तक्रार करत नसे. पण हे तिला लागत होतं, आणि मला ते कळत होतं.

आता बाईंच्या वर्गाविषयी. बाईंचं बालपण गोव्यातलं. मुळाक्षरं पोर्तुगीज शाळेत गिरवली, घरी मराठी पोथ्या ऐकल्या. लग्नानंतर त्या लंडनला आल्या आणि उभं आयुष्य विद्यापीठात पोर्तुगीज साहित्याचा इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर हा वर्ग म्हणजे नावाला भाषेचा. क्रियापदं चालवायला आलेला माणूस बघता बघता शतकं ओलांडू लागायचा. सागरी सफरींच्या महाकाव्यांचं युग आलं की बाई आधी त्यातल्या भाषेचा डौल मनापासून वाखाणत, मग चष्मा काढून म्हणत की आता हेच जरा किनाऱ्यावरून पाहू, कारण जहाजं लागली तिथे आपली माणसं उभी होती. रोमँटिक चळवळीवर आल्या की त्यांना भलताच चेव चढे. त्या चळवळीतले काही लेखक मायदेशातून परागंदा होऊन इंग्लंडात आले होते, हे सांगताना त्या खिडकीबाहेरच्या पावसाकडे असं बोट दाखवत, जणू ती मंडळी आत्ताच बस स्टॉपवर उतरली आहेत. मग समाजाचं ढोंग उघडं करणारे वास्तववादी, मग एकाच माणसात अनेक कवी नांदवणारे आधुनिकतावादी. हुकूमशाहीच्या सेन्सॉरला चकवून लिहिणारे लेखक आणि बंदुकीच्या नळीत फुलं खोवणारी क्रांती आली की बाईंना बसवतच नाही, त्या उभ्या राहून शिकवतात. पंच्याहत्तरीतही!

भाबडेपणा मात्र त्यांना खपत नाही. प्रत्येक नवा विद्यार्थी कुठून तरी 'सौदाद' हा शब्द ऐकून येतो आणि याला म्हणे जगातल्या कुठल्याच भाषेत प्रतिशब्द नाही, असं भारावून सांगतो. बाई म्हणतात, हुरहूर म्हण आणि पुढे चल.

माझ्या आयुष्याला वळण लावणारी संध्याकाळ आली ती या इतिहासाच्या पहिल्याच प्रकरणात. मध्ययुगात तिकडचे पुरुष कवी तरुण मुलीच्या तोंडी गाणी घालत. मुलगी समुद्रकाठी उभी असते, कुणाची तरी वाट पाहत असते. या गाण्यांना 'आमिगो'ची गाणी म्हणतात. बाईंनी असंच एक गाणं आपापल्या घरच्या भाषेत आणायला सांगितलं. मी रोमन लिपीत मराठी लिहिलं आणि शीर्षक दिलं 'मित्राचं गाणं', कारण आमिगो म्हणजे मित्र. बाई म्हणाल्या, मित्र आला नाही म्हणून कोणी एवढं रडतं का, ट्रेन लेट असेल. त्या काळी आमिगो म्हणजे प्रियकर, हे त्यांनी समजावलं आणि मला वाचायला सांगितलं.

मी हात जोडले. "बाई, प्लीज, मला नको. माय मराठी इज ऑल राँग. आय टॉक लाइक अ गर्ल."

"म्हणून तर तूच वाचायचंस," बाई म्हणाल्या.

मान खाली घालून मी वाचलं. मी काठावर थांबते. मी वाट पाहते. मी आईला खोटं सांगते. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की कोणी हसत नाहीये. हसण्यासारखं काही नव्हतंच!

"एकही क्रियापद चुकलेलं नाही," बाई म्हणाल्या. "अरे, ते दाढीमिशांचे कवी मुद्दाम शिकून जे बोलत होते, ते तुला आईने आयतं दिलंय. आपले संतही स्वतःला विरहिणी कल्पून गायलेच की. आपल्याकडे त्याला विराणी म्हणतात."

एवढं बोलून त्या एकदम थांबल्या. मार्कर घेतला, फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'विराणी' असं लिहिलं आणि लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. त्या मराठीत पोर्तुगीज साहित्याच्या इतिहासाचा ग्रंथ लिहीत होत्या आणि त्याचं पहिलं प्रकरण या एका शब्दावाचून अडलं होतं. तो शब्द आयुष्यभर त्यांच्या ओठांवर होता, पण या गाण्यांशी त्याची गाठ कधी पडली नव्हती.

त्या संध्याकाळी मी रीडिंगची ट्रेन धरली नाही. आईकडे गेलो. बेल वाजवली. दार उघडलं तेव्हा म्हणालो, "आई, मी आले."

आईने हात धरून मला आत घेतलं. मग म्हणाली, "ये. जेवून जा." ताटावर आम्ही किती तरी बोललो, आणि सगळं मराठीत. माझी क्रियापदं धडाधड चुकत होती आणि आई वाढतच होती.

पुढे बाईंनी माझं मराठी घडवलं. त्यांची पद्धत एकच: आधी बोल, मग बरोबर बोल. बरेच महिने त्यांनी माझं एकही क्रियापद सुधारलं नाही. वर्ग संपल्यावर मला थांबवून देवनागरी गिरवायला लावत, सोबत चहा आणि बटाटेवडा; वर सांगत की बटाटासुद्धा पोर्तुगिजांकडूनच आलाय, निमूट खा. आता त्यांचा ग्रंथ पूर्ण झाला आहे. त्याच्या वाचनाच्या वेळी भरल्या सभेत त्यांनी सांगितलं की 'विराणी' हा शब्द त्यांना एका विद्यार्थ्याच्या व्याकरणाने दिला. 'चुकीने' म्हणाल्या नाहीत. मागच्या रांगेत माझी आई बसली होती. तिने पदर डोळ्यांना लावला.

हा लेख मी स्वतः लिहिला आणि आईने तपासला. ऱ्हस्व-दीर्घाच्या माझ्या चुका तिने न कंटाळता निस्तरल्या. शेवटच्या ओळीवर तिची पेन्सिल थबकली, मग तिने ती खाली ठेवली.

बाई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो आणि उभं राहून शिकवण्याइतकं बळ पायांत राहो. डोळे सांभाळा, चहातली साखर कमी करा. तुमच्या शंभरीचं आमंत्रण मी आत्ताच धरून चालतो. मी नक्की येते.