शकूमावशींनी साहेबांना अनवाणी केलं

धावत्या माणसाला कामाला लावावं तर आमच्या शकूमावशींनीच! आता त्या गोंदियाला लेकीकडे असतात, पण त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. भिलाईतल्या आमच्या हुडको वसाहतीमागची दगड वाहणारी रेल्वेलाइन कधीच बंद पडलेली. रूळ उचलून नेल्यावर उरल्या बाभळी आणि कचरा. वस्तीनं श्रमदान केलं, मुरूम टाकला, चालायला आणि सायकलला झकास वाट झाली. मावशींनी लगेच कडेला मुंगवड्या वाळत घातल्या. कुणी धापा टाकत गेलं की ओरडायच्या, "तो कावळा हाकला जी! फुकट धावून राहिले!"

पण त्यांचा जीव त्या वाटेत अडकला होता तो काकांमुळे, म्हणजे त्यांच्या नवऱ्यामुळे. त्यांना लकवा झालेला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं, पण रस्त्यावर ट्रकांच्या भीतीनं पाऊल उचलत नसे. इथं मावशींच्या खांद्यावर हात ठेवून ते रोज थोडं पुढे सरकत. "घाई कोनाले हाये? फर्स्ट शिफ्ट थोडीच गाठाची हाये!" मावशी म्हणत.

अन् मे महिन्यात बातमी आली: वाट कुणी वापरत नाही, तिथं ट्रक उभे करायचे. महापालिकेचे साहेब पाहायला येणार, तेही भर दुपारी! भिलाईच्या उन्हात त्या वेळी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. आम्ही हात टेकले. मावशी मात्र घरोघर फिरल्या.

साहेब आले तर अख्खी वाट साड्या-चादरींनी झाकलेली. त्यावर कुरडया, पापड, छत्तीसगढी शेजारणींची कोहळ्याची रखिया बडी.

"यहाँ चलता कौन है?" साहेबांनी विचारलं.

"सकाळी मानसं, दुपारी वड्या," मावशी म्हणाल्या. "और जूते उतारिए साहेब, खाने की चीज है!"

कडेच्या उघड्या, तापल्या मुरमावर साहेब असे नाचले की बायकांनी तोंडात पदर कोंबले. मग मावशींनीच त्यांना छत्रीखाली घेतलं, ताक पाजलं आणि बजावलं, "कल सबेरे आना. मंग बोला."

बाप्पा, माणूस खरंच आला! वाटेवर सायकली, आज्या, पोरं, नुसती गर्दी. थोडं चालून साहेब दम खायला मधेच थांबले. तेवढ्यात मागून मावशी गरजल्या, "बाजूले व्हा जी, गाडी येऊन राहिली!"

काका येत होते. पहिल्यांदाच एकटे. खांदा नाही, काठी नाही, डुलत डुलत ते साहेबांना मागे टाकून गेले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

साहेब बघतच राहिले. "अब ट्रक कहाँ खड़े करूँ, अम्मा?"

"ते तुमी पाहा," मावशी डोळे पुसत हसल्या. "मले आता आमच्या यायले सायकल शिकवाची हाये."